स्क्विड, रास्पबेरी पाय आणि आमची तबकडी : वर्षभर वापरल्यानंतर

ज्यांना घाई आहे त्यांचा डेटा वाचावा म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. सॅटेलाइटच्या जोडणीवर कॅशिंग प्रॉक्सी, म्हणजे एकदा आणलेला माल साठवून पुन्हा वाटणारा मधला प्रोग्रॅम, बसवला की नेट पळायला लागेल असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्यानं दहा वर्षांपूर्वीचं पुस्तक वाचलेलं आहे. नेट पळत नाही. पण महिन्याचा डेटा १८ तारखेला संपतो तो ३० तारखेपर्यंत पुरवायचा असेल आणि तो नेमका कोणाच्या पोटात जातो हे बघायचं असेल, तर स्क्विड या प्रॉक्सीसारखी वस्तू नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कुठं कापला आणि एक गुण कुठं, ते पुढं येईलच.

मी भामरागड तालुक्यातल्या एका निवासी शाळेत विज्ञान शिकवतो. कॉम्प्युटर लॅब माझ्या गळ्यात पडली ती मला कॉम्प्युटर येतो म्हणून नाही, चावी ठेवायला कुलपाचं कपाट फक्त माझ्याकडं होतं म्हणून. लॅबमध्ये १४ जुनी मशीन, ऑफिसात एक, आणि स्टाफचे फोन. फायबर आमच्यापर्यंत आलेलं नाही. मोबाइलला शाळेमागच्या टेकाडावर उभं राहिलं तर एखादी काडी मिळते. म्हणून व्हीसॅट, म्हणजे तबकडीवरून येणारं उपग्रहाचं नेट. आमचा प्लॅन म्हणजे ४ एमबीपीएसचा वेग, महिन्याला ४० जीबी, आणि ४० संपले की वेग २५६ केबीपीएस. रात्री १ ते ५ मात्र मीटर बंद. या रात्रीच्या चार तासांवरच पुढची सगळी गोष्ट उभी आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

तबकडी शाळेच्या गच्चीवर आहे, दक्षिणेला तोंड करून आणि चांगलीच मागं रेललेली. आमच्या आचाऱ्यांना दक्षिणेचं तोंड पहिल्यापासून पसंत नाही. नेट गेलं की ते वर बघतात आणि काही बोलत नाहीत. त्यांना कितीदा सांगितलं, उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतो, आपण त्याच्या उत्तरेला, मग तोंड दक्षिणेलाच होणार. पटत नाही.

हा उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. दहावीच्या पोरांना मी हे गणित फळ्यावर करून दाखवतो. आपण पान मागितलं की मागणी वर जाते, तिथून खाली कंपनीच्या केंद्रात उतरते, तिथून इंटरनेटवर. उत्तर त्याच वाटेनं परत. म्हणजे चार खेपा, साधारण १ लाख ४३ हजार किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरला तरी जवळजवळ अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात गेला. प्रत्यक्षात आमचा पिंग, म्हणजे जाऊन परत यायचा वेळ, ६५० मिलिसेकंदाच्या आसपास असतो. आणि हल्ली एक पान उघडायचं म्हणजे एक मागणी नसते. आधी नावाचा पत्ता विचारा, मग सर्व्हरशी हातमिळवणी, मग कुलूपकिल्लीची देवाणघेवाण, आणि मग कुठं "पान द्या". दर वेळी तोच अर्धा सेकंद. वेग ४ वरून ४० केला तरी हे अंतर कमी होणार नाही, कारण अडचण नळाच्या जाडीची नाही, विहीर लांब आहे याची आहे.

आता प्रॉक्सी. पुण्याला माझा भाचा नेटवर्किंगमध्ये आहे. गेल्या उन्हाळ्यात आला होता. माझी रड ऐकून म्हणाला, "मामा, तुम्ही जूनच्या आधी चार महिन्यांचं धान्य भरता ना? तेच करायचं. एकदा आणलेलं दारातच ठेवायचं, दुसऱ्यानं मागितलं की घरातूनच काढून द्यायचं." हे मला एका झटक्यात कळलं. आमच्याकडं पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. पुरात तुटणाऱ्या गावांचं रेशनसुद्धा पावसाळ्याआधीच पोचवून ठेवतात. कोठीची सवय आमच्या हाडात आहे. त्यामुळं स्क्विडला मी कोठीवालाच म्हणतो. तसं स्क्विड म्हणजे माकुल, दहा पायांची समुद्रातली. पण माकुल आमच्या पोरांनी पाहिलेली नाही, कोठीवाला पाहिलेला आहे.

सुरुवात एका जुन्या डेस्कटॉपवर केली. चूक. तो ६०-७० वॅट खातो आणि आमची वीज सोलर आणि इन्व्हर्टरवर. शिवाय दिवे गेले आणि मशीन धाडकन बंद पडलं की पुढच्या वेळी स्क्विड उठल्यावर सगळी कोठी पुन्हा मोजत बसतो. जुन्या फिरत्या डिस्कवर ही मोजणी प्रार्थनेला सुरू झाली तर दुसऱ्या तासापर्यंत चालायची. मग रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर घेतला, ४ जीबी रॅमचा. मला साडेपाच हजाराला पडला, वर २५६ जीबीची एसएसडी. अख्खा डबा पाच-सात वॅटमध्ये चालतो. एक गोष्ट आवर्जून सांगतो, कॅश, म्हणजे साठवलेला माल, मेमरी कार्डावर ठेवू नका. प्रॉक्सी दिवसभर बारीकसारीक लिहीत असतो, कार्ड लवकर झिजतं. माझं पहिलं कार्ड दिवाळीच्या सुट्टीत गेलं. मी गावाला, आणि ऑफिसातून फोन, "सर, नेट काहून बंद हाय जी?"

स्क्विड बसवणं अवघड नाही. एक ओळीची आज्ञा, ५-१० मिनिटांत उतरतो, ३१२८ या पोर्टावर बसतो. अवघड आहे ती त्याची कॉन्फिगरेशनची फाइल. सोबत येणारी फाइल हजारो ओळींची असते आणि त्यातल्या बहुतेक ओळी टिपणं असतात. टिपणं चांगली आहेत, वाचा. पण मूळ आकडे कोणत्या तरी दुसऱ्याच जगासाठी ठेवलेले आहेत. उदाहरणार्थ, एका वस्तूची कमाल मर्यादा ४ एमबी. त्याहून मोठं काही आलं की कोठीत ठेवतच नाही. म्हणजे ज्या मोठ्या फायलींसाठी आपण हा खटाटोप केला, त्याच दारातून परत. मी ती मर्यादा ४ जीबी केली. तरी काही साठेना. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की ही ओळ कॅशच्या जागेच्या ओळीच्या वर असावी लागते. खाली लिहिली तर फाइल चुकली असं कोणी म्हणत नाही, फक्त ऐकत नाही. कापलेला अर्धा गुण तो हा.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. कोठीची यादी रॅममध्ये राहते आणि ६४ बिटच्या मशीनवर कॅशच्या दर जीबीमागं साधारण १४ एमबी रॅम लागते. म्हणून १०० जीबीची कॅश म्हणजे जवळपास दीड जीबी रॅम नुसत्या यादीला. २५६ जीबीची डिस्क आहे म्हणून सगळी देऊन टाकली असती तर ४ जीबीचा पाय गुदमरला असता. मी ६० दिली. निम्मीसुद्धा भरलेली नाही, त्याचं कारण पुढं.

हो, आणि स्क्विड बंद करायला सांगितलं की तो अर्धा मिनिट थांबतो, चालू कामं उरकून घेतो. पहिल्यांदा मला वाटलं अडकला, मी वायरच उपटली. तुम्ही उपटू नका.

आता मुख्य निराशा. पहिल्या आठवड्यानंतर लॉग, म्हणजे स्क्विडची नोंदवही, उघडला. माझी कल्पना अशी की पानापानाला "हिट, हिट, हिट" दिसेल, म्हणजे घरातूनच दिलं. दिसलं ते "टनेल, टनेल, टनेल". आजच्या जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद, आहेत. ब्राउझर प्रॉक्सीला फक्त एवढंच सांगतो की मला अमुक दारापर्यंत बोगदा करून दे. बोगद्यातून काय गेलं ते प्रॉक्सीला दिसत नाही. जे दिसत नाही ते साठवणार कसं? बंद लिफाफा पोस्टमन पोचवू शकतो, वाचून त्याची प्रत काढून ठेवू शकत नाही. चौदा पोरांनी एकाच तासाला एकच पान उघडलं तरी ते चौदा वेळा आकाशातून येणार. १९९६ च्या सुमारास स्क्विड निघाला तेव्हा वेब उघडं होतं, त्या काळी हा खरोखर जादूचा डबा असणार. आज वेबपानांसाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे, हे परीक्षण लिहिताना लपवण्यात अर्थ नाही. एक गुण तिथं गेला. दोष स्क्विडचा नाही, पण गुण देणारा मी आहे आणि डेटा माझा गेला.

यावर एक तोड सांगतात. प्रॉक्सीनं स्वतःचं प्रमाणपत्र बनवायचं, ते प्रत्येक मशीनमध्ये "विश्वासू" म्हणून घालायचं, मग तो लिफाफा मध्ये उघडून पुन्हा बंद करतो. मी करून बघितलं. डेबियनच्या साध्या स्क्विडमध्ये ही सोय नाही, त्यासाठी ओपनएसएसएलवालं वेगळं पॅकेज घ्यावं लागतं, हे कळण्यातच एक रविवार गेला. लॅबच्या मशीनवर चाललं. फोनवर नाही, कारण अँड्रॉइड ७ पासून ॲप अशी आपण घातलेली प्रमाणपत्रं मुळातच मानत नाहीत. आणि मग एके दिवशी आमच्या मॅडम लॅबमधल्या मशीनवर बँकेचं खातं उघडून बसल्या. त्या पासवर्ड टाइप करत होत्या आणि मी दारात उभा. मला माहीत होतं की तो पासवर्ड आत्ता माझ्या कपाटातल्या डब्यात उघडा होऊन पुन्हा बंद होतोय. मी काही वाचत नव्हतो. तरी त्याच संध्याकाळी ते काढून टाकलं. थोड्या एमबीसाठी दुसऱ्याची पत्रं उघडायची नाहीत. शाळेत तर नाहीच.

मग साठतं काय? साठतात अपडेट. आणि इथं कोठीवाल्यानं पैसे वसूल करून दिले.

लॅबची मशीन लिनक्सवर चालतात. लिनक्सची पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमांची गाठोडी, अजूनही साध्या, बिनकुलपाच्या एचटीटीपीवरून येतात. त्यांच्यावर सही असते, म्हणून वाटेत कोणी बदलली तर मशीन नाकारतं. लिफाफा उघडा, पण मजकुरावर शिक्का. प्रॉक्सीला यापेक्षा गोड खाद्य नाही. समजा एका मशीनला ३०० एमबीचे अपडेट आहेत. चौदा मशीनचे झाले ४.२ जीबी, म्हणजे माझ्या महिन्याच्या डेटाचा दहावा भाग. स्क्विडमुळं तेच काम ३०० एमबीत होतं. आणि ते ३०० सुद्धा मी दिवसा ओढत नाही. एकच मशीन रात्री चालू ठेवतो, ते दीड वाजता अपडेट नुसते उतरवून घेतं, बसवत नाही. मीटर बंद असताना माल कोठीत आला. सकाळी पोरं बाकीची १३ मशीन लावतात आणि लॅनच्या, म्हणजे शाळेतल्या आतल्या जाळ्याच्या, वेगानं अपडेट होतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा लॉगमध्ये हिटची रांग लागली होती. मी ती चहा थंड होईपर्यंत बघत बसलो.

फक्त कोणता लिनक्स, ते बघून घ्या. आम्ही आधी उबुंटू २२.०४ टाकलं होतं. त्यात फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या जातीच्या पॅकेजच्या रूपात येतो. स्नॅप एचटीटीपीएसवरून उतरतात, कॅश होत नाहीत, आणि दिवसातून चार वेळा स्वतःहून "नवीन आहे का" म्हणून विचारायला जातात. असल्यास प्रत्येक मशीन आपापला उतरवतं. चौदा मशीन, चौदा फायरफॉक्स, तेही भर दुपारी. स्नॅपला थांबवून ठेवता येतं, पण मी कटकटच संपवली आणि लिनक्स मिंट टाकलं. त्यात स्नॅप नाही, फायरफॉक्स नेहमीच्या पॅकेजसारखा येतो, कोठीत मावतो. पॅकेजांची मुदतही वाढवून ठेवली. एकदा आलेलं पॅकेज ९० दिवस ताजं समज, असं सांगणारी एक ओळ लिहावी लागते. पॅकेजच्या नावातच आवृत्ती असते, त्यामुळं शिळं खाण्याची भीती नाही. याद्यांच्या फायलींना मात्र ही मुदत लावू नका, नाहीतर नवीन काही आलंय हेच मशीनला कळणार नाही.

आता माझी फजिती. सॅटेलाइटसाठी एक सल्ला सगळीकडं सापडतो की कोणी डाउनलोड अर्ध्यात सोडलं तरी प्रॉक्सीनं ते पूर्ण करावं, म्हणजे पुढच्याला तयार मिळेल. ऐकायला शहाणपणाचं. मी ती ओळ घातली. वस्तूची मर्यादा ४ जीबी मी आधीच केलेली होती. एके दिवशी नववीतल्या एका हुशार पोरानं मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं मिंट बसवायची फाइल, उतरवायला लावली. जवळपास ३ जीबीची. हळू वाटली म्हणून रद्द केली, यादीतला दुसरा सर्व्हर निवडला. तोही हळू. तिसरा. मग कंटाळून जेवायला गेला. कोठीवाला आज्ञाधारक. तिन्ही फायली त्यानं पूर्ण ओढल्या, एकच माल तीन पत्त्यांवरून, तीन वेगळी पोती समजून. ९ जीबी गेले. महिन्याची अजून ५ तारीख. मला रागावता येईना, कारण पोरगा म्हणाला, "सर, मी तर रद्द केलं होतं." खरंच केलं होतं.

ती ओळ आता मी उलटी केली आहे. फाइल ९५ टक्के झाली असेल तरच पूर्ण कर, नाहीतर सोड. वेगवेगळ्या पत्त्यांवरची एकच वस्तू ओळखायची सोयही स्क्विडमध्ये आहे, ३.४ आवृत्तीपासून. तिला नियम लिहून द्यावे लागतात. मी फक्त मिंटच्या सर्व्हरांपुरते लिहिलेत.

हिशेबनीस म्हणून मात्र याला पूर्ण गुण. बोगद्याच्या आत काय गेलं ते दिसत नाही, पण कोणत्या मशीननं कोणत्या दाराशी किती माल आणला हे दिसतं. भाच्यानं दहा ओळींची स्क्रिप्ट दिली आहे, ती रोज सकाळी पहिल्या दहांची यादी काढते. तोवर माझा पक्का समज होता की डेटा पोरं खातात. पहिल्या यादीत सर्वात वर ऑफिसचं विंडोजवालं मशीन, आपले अपडेट आपणच ओढत. दुसरे, दोन फोन, ॲपचे अपडेट. तिसरं मशीन माझं. एक बातम्यांची साइट मी टॅबमध्ये उघडी ठेवून घरी गेलो होतो. ती दर काही मिनिटांनी स्वतःच ताजी होऊन नवीन जाहिराती आणत होती. पोरं आठव्या क्रमांकावर. यादी स्टाफरूममध्ये लावायचा माझा बेत होता, तो मी गुपचूप रद्द केला. एक लक्षात ठेवा, मूळचा लॉग फक्त खाली आलेला माल मोजतो. वर पाठवलेले फोटो-व्हिडिओ त्यात धरत नाही. लॉगची मांडणी बदलून तो रकाना घालावा लागतो. आमचा हिशेब आणि कंपनीचा मीटर महिनाभर जुळत नव्हता. आधी मी कंपनीला फोन करून बोललो, नंतर हे कळलं. पुन्हा फोन करून माफी मागायला हवी होती. केला नाही, कारण त्यांच्या हेल्पलाइनवर माणूस भेटायला अर्धा तास लागतो आणि तो फोन टेकाडावरूनच करावा लागतो.

फोनांना आता वेगाचा लगाम आहे. प्रत्येकाला ठराविक वाटा, त्यापुढं थेंबथेंब. ही सोय स्क्विडमध्येच आहे आणि बोगद्यांवरही चालते. आकडा बाइटमध्ये लिहायचा असतो, बिटमध्ये नाही. मी बिट समजून लिहिला, तर लगामाचं दावं आठपट लांब झालं.

दोन छोट्या गोष्टींनी मात्र खरोखर फरक जाणवला आणि त्या दोन्ही कॅशिंगच्या नाहीत. पहिली, नावांचे पत्ते. प्रॉक्सी लावला की ब्राउझर पत्ता स्वतः शोधत नाही, स्क्विड शोधतो आणि लक्षात ठेवतो. त्याच पायवर अनबाउंड हा पत्ते शोधणारा प्रोग्रॅम बसवला, तो लोकप्रिय पत्ते मुदत संपायच्या आधीच नवे करून ठेवतो. दर नव्या नावामागचा अर्धा-पाऊण सेकंद वाचला. दुसरी गोष्ट क्विक. क्रोमसारखे ब्राउझर हल्ली टीसीपी ही माल पोचवायची जुनी पद्धत सोडून यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवरून क्विक नावाच्या रस्त्यानं जायला बघतात. पण व्हीसॅटच्या मोडेममध्ये जो वेग वाढवणारा भाग असतो, जो समोरच्याच्या वतीनं "पोचलं, पोचलं" म्हणत पुढचा माल मागवत राहतो, तो फक्त टीसीपीचा नोकर आहे. क्विक त्याच्या हाताखालून निसटतो. शिवाय प्रॉक्सीलाही चुकवतो. म्हणून फायरवॉलवर यूडीपीचं ४४३ नंबरचं दार बंद केलं. ब्राउझर मुकाट्यानं टीसीपीवर येतात. बाकी सगळं करून जे झालं नाही ते या एका बंद दारानं झालं, व्हिडिओ अडखळणं कमी झालं. जमिनीवरच्या फायबरवाल्यांनी हे करू नये. त्यांना गरज नाही.

पावसाचं काय, असं कोणी विचारेलच. आमची जोडणी केयू बँड या लहरींच्या पट्ट्यावर आहे. जोराचा पाऊस आला की लहरी थेंबांतच शोषल्या जातात आणि मोडेम आधी वेग उतरवतो, मग हात टेकतो. यावर प्रॉक्सीकडं औषध नाही. नेट गेल्यावर साठवलेलं तेवढंच दाखव, असं स्क्विडला सांगता येतं. पण साठवलेली नुसती पॅकेजंच असतील तर पोरांना दाखवणार काय? मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये काही दिवस आणखी एक गंमत होते. दुपारी काही मिनिटं नेट जातं, आकाश निरभ्र असताना. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो आणि तबकडीला त्याच्याच गोंगाटात काही ऐकू येत नाही. मी त्या वेळी नववीला गच्चीवर नेतो आणि ग्राहक-भुजेची, म्हणजे तबकडीसमोरच्या दांड्याची, सावली तबकडीवर कुठं पडते ते दाखवतो. पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणापेक्षा बरं समजतं.

पावसाळ्याचा खरा आधार दुसराच निघाला, किविक्स. हा प्रॉक्सी नाही. अख्खा विकिपीडिया, धडे, प्रयोग एकेका मोठ्या फाइलीत भरून ठेवायचे आणि लॅनवरून वाटायचे. त्याच पायवर तोही चालतो. मराठी विकिपीडिया, इंग्रजीतला निवडक भाग, आणि फेटचे विज्ञानप्रयोग, कोलोरॅडो विद्यापीठाचे. सर्किट जोडायचा प्रयोग माडिया बोलणाऱ्या पाचवीच्या पोरी मराठी न वाचतासुद्धा करतात. या फायली आकाशातून आणणं वेडेपणा. भाच्यानं पुण्यात हार्ड डिस्कवर भरल्या आणि ती डिस्क एसटीनं नागपूर, चंद्रपूर, आलापल्ली करत आली. शंभर जीबी, दीड दिवसात. आमच्या तबकडीला तेवढं दिवसाच्या मीटरवर आणायला अडीच महिन्यांचा डेटा लागला असता. पैसे आणि वेळ एकाच गोष्टीवर घालवायचे असतील तर आधी किविक्स, मग स्क्विड. मी उलट केलं.

सुरक्षेचं एक वाक्य. स्क्विड जुना आहे, त्यात भेगा सापडत असतात, आणि सगळ्या वेळेवर बुजतात असं नाही. तो फक्त आतल्या लॅनलाच उत्तर देईल असं ठेवा, बाहेरून दिसता कामा नये.

खाली फिरणाऱ्या उपग्रहांचं नेट आलं की हे सगळं मोडीत निघेल, असं भाचा म्हणतो. स्टारलिंकचे उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर आहेत, म्हणजे फळ्यावरचं माझं गणित पासष्टाव्या-सत्तराव्या भागावर येईल. राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्याशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोलीचं नाव आहे. येवो. पण विहीर जवळ आली तरी चौदा मशीननी तेच पॅकेज चौदा वेळा आणायचं का, हा प्रश्न उरतोच. पाय काही मी काढणार नाही.

या जूनच्या आधी भाच्याला यादी पाठवली आहे. किविक्सच्या नव्या फायली, एक सुटी एसएसडी, पायसाठी मूळ कंपनीचं चार्जर कारण स्वस्तातलं व्होल्टेज पाडतं, आणि पाणी न शिरणाऱ्या काळ्या रबरी टेपचे दोन रोल. गेल्या वर्षी ऑगस्टात चार दिवस नेट नव्हतं आणि मी चारही दिवस स्क्विडचा लॉग चाळत बसलो होतो. बिघाड गच्चीवर होता. तबकडीच्या वायरच्या जोडात पाणी शिरलं होतं. शोधून काढलं आचाऱ्यांनी.